सहा टक्क्यांची मेथी

गेल्या अंकातल्या 'जमाखर्च'मध्ये आम्ही गाडीच्या विम्याबद्दल दोन पानं लिहिली आणि शेवटी सहज एक वाक्य टाकलं, की हप्ता क्रेडिट कार्डावर भरला तर त्यातले थोडे पैसे परत मिळतात. विम्याबद्दल आम्हाला आजवर एकानेही काही विचारलेलं नाही. फोन आले ते सगळे त्या एका वाक्यावर. "तुम्ही कुठलं वापरता हो?" आपल्या पार्ट्यांमध्ये हा प्रश्न पूर्वी घराच्या कर्जाच्या दराबद्दल विचारला जायचा, मग कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल विचारला जाऊ लागला, आणि आता कार्डाबद्दल.

कोजागिरीला तर कहरच झाला. आत मसाला दूध आटत होतं, चंद्र ढगाआड होता, आणि गॅरेजच्या दिव्याखाली चार जण आपापली पाकिटं उघडून उभे होते. एकाचं म्हणणं, पॉइंट्सच घ्यावेत, रोख परतावा घेणारे अडाणी. दुसऱ्याचं म्हणणं, पॉइंट म्हणजे चिंचोके, त्याने वाण्याचं बिल भागत नाही. तिसऱ्याने पॉइंटांवर बिझनेस क्लासने मुंबई गाठली होती आणि ती हकिकत आम्ही याआधी दोनदा ऐकली होती. चौथा गप्प होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "आमच्याकडे ते सगळं ही बघते." यातला शहाणा हाच, असं आम्हाला त्या रात्री वाटलं. आता वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

दिवाळीचा फराळ संपल्यावर एका रविवारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर वर्षभराची स्टेटमेंटं पसरून बसलो. दुसऱ्याच्या पाकिटाचा हिशेब करण्यापेक्षा आपला करावा, हा विचार. चार माणसांचं घर, न्यू जर्सी. घराचा हप्ता आणि कॉलेजची फी बाजूला ठेवली, कारण असले खर्च कार्डावर करू दिले तरी वर दोन-तीन टक्के घेतात, म्हणजे एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्याने देऊन टाकायचं. उरलेला खर्च निघाला वर्षाला सुमारे तीस हजार डॉलर. फोड अशी: देशी दुकान ३,६००, अमेरिकन सुपरमार्केट २,४००, कॉस्टको ४,८००, गाड्यांचा गॅस २,४००, बाहेरचं खाणं ३,०००, आणि वीज, फोन, विमा, दाताचा डॉक्टर, मुलांचे क्लास, कपडे, लग्नाचे अहेर असं किरकोळ-कुरकोळ धरून १३,८००. (देशी दुकानाचा आकडा बघून आमच्यातला एक म्हणाला, "एवढं आपण खातो?" दुसरीने उत्तर दिलं नाही.)

आता मोजायला एक पट्टी हवी. ती सोपी आहे. कशावरही, कुठेही सरसकट दोन टक्के परत देणारी आणि वार्षिक फी नसलेली कार्डं आता सहज मिळतात. सिटी बँकेचं डबल कॅश २०१४ पासून आहे, वेल्स फार्गोचं अ‍ॅक्टिव्ह कॅश २०२१ मध्ये आलं. दुसरं व्हिसा आहे, आणि आपल्या घरांना व्हिसाचं महत्त्व आहे, कारण कॉस्टकोच्या दुकानात जून २०१६ पासून क्रेडिट कार्डांपैकी फक्त व्हिसाच चालतं. त्याआधी तिथे अमेरिकन एक्स्प्रेस चालायचं. तो करार संपला तेव्हा काय धावपळ झाली, ती जुन्या मंडळींना आठवत असेल. तर तीस हजारांवर दोन टक्के म्हणजे सहाशे डॉलर. एक कार्ड, एक बिल, डोक्याला ताप नाही. यापेक्षा जास्त जे काही मिळेल ती खरी कमाई, असं आम्ही ठरवलं.

मग आणली 'पंगत'. म्हणजे प्रत्येक खर्चाला वेगळं पान. ग्रोसरीसाठी अमेरिकन एक्स्प्रेसचं ब्लू कॅश प्रिफर्ड: अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये वर्षाला ६,००० डॉलरपर्यंत सहा टक्के, पुढे एक टक्का, आणि पहिल्या वर्षानंतर फी ९५ डॉलर. कॉस्टकोचं स्वतःचं सिटी व्हिसा: गॅसवर चार टक्के, हॉटेलात तीन, कॉस्टकोत दोन, त्याचे पैसे मात्र वर्षातून एकदाच, फेब्रुवारीच्या बिलाबरोबर. बाकी सगळ्याला ते सरसकट दोन टक्क्यांचं. पाकिटात घोटाळा होऊ नये म्हणून आमच्यातल्या एकीने प्रत्येक कार्डावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर 'भाजी', 'गॅस', 'बाकी' असं लिहिलं. एकदा रेस्टॉरंटमध्ये वेटरने त्यावरचं 'गॅस' बोटाने निरखून पाहिलं आणि ही कुठली भाषा म्हणून विचारलं.

सहा टक्के हा आकडा ऐकला की कुणाचीही जीभ पाघळते. पण आधी त्याची फी वळती करू. दोन टक्क्यांच्या कार्डापेक्षा इथे चार टक्के जास्त मिळतात. ९५ डॉलर फी त्या चार टक्क्यांतून भरून यायला वर्षाला २,३७५ डॉलरची ग्रोसरी व्हावी लागते. आमचं अमेरिकन सुपरमार्केट, म्हणजे शॉपराइट वगैरे, २,४०० चं. म्हणजे वर्षाच्या शेवटी फायदा एक डॉलर. कार्ड परवडायचं की नाही, ते सगळं देशी दुकानातल्या ३,६०० वर येऊन ठेपलं. मेथी, गवार, कोलम, तूरडाळ, लोणच्याच्या कैऱ्या यांवर सहा टक्के मिळाले, तर २१६ डॉलर.

मिळाले ३६. म्हणजे एक टक्का.

बँकेने फसवलं असं आम्हाला क्षणभर वाटलं, पण तसं नव्हतं. गोम अशी आहे. दुकानाने कार्ड घ्यायला सुरुवात केली की पैसे वळते करणारी बँक त्या दुकानाला धंद्याचा एक चार आकडी क्रमांक देते. ५४११ म्हणजे ग्रोसरी आणि सुपरमार्केट. ५४९९ म्हणजे किरकोळ खाद्यपदार्थांची, खास मालाची दुकानं. ५३०० म्हणजे कॉस्टकोसारखे घाऊक क्लब. ५८१२ म्हणजे रेस्टॉरंट. तुम्ही पिशवीत काय भरलंत हे कार्डाला दिसत नाही, दुकानाचा क्रमांक तेवढा दिसतो. वॉलमार्ट आणि टार्गेट यांच्याकडे दूध-अंडी घेतलीत तरी ते या कार्डाच्या लेखी सुपरमार्केट नव्हे. आणि आमच्या नेहमीच्या देशी दुकानाचा क्रमांक निघाला ५४९९. त्याच रस्त्यावर, चार दुकानं पलीकडे, एकाने पुढच्या बाजूला चाट आणि वडापावचा काउंटर टाकला आहे. तिथे घेतलेली भेंडी आमच्या स्टेटमेंटवर 'रेस्टॉरंट' म्हणून आली. त्यावर तीन टक्के मिळाले! तिसऱ्या एका मोठ्या दुकानाचा क्रमांक मात्र ५४११ होता. तिथे मेथी सहा टक्क्यांची.

आम्ही दुकानदाराला विचारलं. भाई बिचारे तीस वर्षं त्या गल्ल्यावर उभे आहेत. त्यांना स्वतःचा क्रमांक माहीत नव्हता. मशीन लावणाऱ्या माणसाने अर्जावर जे लिहिलं, ते. वर त्यांनी आम्हालाच सुनावलं, की तुमच्या या सहा टक्क्यांचे पैसे कोण देतं असं तुम्हाला वाटतं?

तर हे जरा सांगायला हवं, कारण आपल्या पार्ट्यांत याबद्दल कुणी बोलत नाही. कार्ड ओढलं की दुकानदाराच्या हातात पूर्ण पैसे पडत नाहीत. साधारण दोन ते तीन टक्के मधल्या मधे जातात आणि त्यातला मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे पोचतो. तुमचा परतावा बराचसा त्यातूनच निघतो. बाकीचा निघतो बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून. मंडईत भाजी घेतली की भाजीवाली वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकायची. त्या फुकट होत्या असं आपल्या आयांनाही कधी वाटलं नाही. इथे फरक एवढाच, की कोथिंबीर कार्डवाल्याला मिळते आणि भाव मात्र रोख देणाऱ्यालाही तोच लागतो. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला होता: रोखीने व्यवहार करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकतं, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला ११३३ डॉलर मिळतात. आपल्या आधी रांगेत उभा असलेला, नोटा मोजून देणारा माणूस आपल्या मुंबईच्या तिकिटाला हातभार लावतो आहे, हे वाचून आम्हाला बरं वाटलं नाही. भाईंच्या गल्ल्याला 'दहा डॉलरच्या आत कार्ड नाही' अशी हाताने लिहिलेली पाटी आहे. ती आम्हाला पूर्वी कंजूषपणाची वाटायची. २०१० च्या कायद्याने दुकानदाराला क्रेडिट कार्डासाठी दहा डॉलरपर्यंत अशी अट घालायची मुभा आहे. कोथिंबीर-मिरच्या आम्ही आता रोखीने घेतो.

हा खेळ जुना आहे. बँक ऑफ अमेरिकेने सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो गावी साठ हजार कार्डं लोकांनी न मागताच टपालाने घरोघर पाठवली. त्याच कार्डाचं नाव १९७६ मध्ये व्हिसा झालं. (न मागता कार्ड पाठवायला १९७० मध्ये बंदी आली.) खर्चावर रोख परतावा देण्याची रीत घरोघर नेली ती सिअर्सच्या डिस्कव्हर कार्डाने, १९८६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी सिटी बँक व अमेरिकन एअरलाइन्सने मैल देणारं कार्ड काढलं. आपल्यातली जुनी पिढी सिअर्सचा सोफा आणि ते नारिंगी कार्ड यांवरच वाढली म्हणा ना.

आता आमच्या पंगतीचं उत्तर सांगून टाकतो. देशी दुकानात सहा टक्के मिळाले असते, तर फी वजा जाता ८२३ डॉलर, म्हणजे सरसकट कार्डापेक्षा २२३ जास्त. तिथे एक टक्काच मिळाला, तर ६४३. शहाणपणाने देशी दुकानात दोन टक्क्यांचं कार्ड वापरलं, तर ६७९. थोडक्यात, तीन कार्डं, मास्किंग टेप आणि वर्षभराची सावधगिरी यांची मजुरी ७९ डॉलर, आणि त्यातले ७८ गॅस आणि हॉटेल यांचे. ते तर फी नसलेल्या कार्डावरही मिळाले असते. कॉस्टकोचं सभासदत्व तेवढं लागतं, आणि ते नाही असं मराठी घर आम्हाला दाखवा. २०२३ मध्ये कॉस्टकोने सोन्याच्या लगडी विकायला काढल्यावर धनत्रयोदशीचा मुहूर्त साधून त्यावरही दोन टक्के मिळवणारे महाभाग आपल्या मंडळात आहेत.

तर ज्यांच्या गावचं देशी दुकान ५४११ आहे आणि ज्यांची ग्रोसरी महिन्याला पाचशेच्या आसपास आहे, त्यांनी सहा टक्क्यांचं कार्ड जरूर घ्यावं. बाकीच्यांनी आधी दहा-बारा डॉलरची एखादी खरेदी करून स्टेटमेंटवर ती कुठल्या सदरात येते ते पाहावं. दर तिमाहीला पाच टक्क्यांचं दुकान बदलणारी कार्डं आहेत, डिस्कव्हरचं आणि चेसचं फ्रीडम फ्लेक्स. तिमाहीत १,५०० डॉलरपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ७५ डॉलर, पण दरवेळी आधी जाऊन नोंदवावं लागतं. चातुर्मासाच्या नेमासारखंच ते: या महिन्यात हे खायचं, पुढच्यात ते वर्ज्य. ज्यांना नेम पाळायची सवय आहे त्यांना जमेल. आम्ही दोन तिमाह्या विसरलो.

पॉइंट आणि भारतवारी. यावर खरं तर वेगळा लेख व्हावा, पण फोन करणाऱ्या निम्म्या लोकांना तेच हवं होतं. बहुतेक ठिकाणी रोख करून घेतला तर एका पॉइंटचा एक सेंट येतो. विमान कंपनीकडे वळवला तर कधी दीड येतो, कधी दोन. पण हा कधी म्हणजे कोणासाठी? एकट्या माणसाने फेब्रुवारीत जायचं तर जागा मिळते. मुलांची शाळा सुटल्यावर जूनमध्ये चार जणांना एकाच विमानात जायचं, तर आमच्या अनुभवाने मिळत नाही. मिळाली तर दोघं एका दिवशी आणि दोघं तिसऱ्या दिवशी, दोनदा उतरत. पॉइंटांतली खरी मलई नवीन कार्डाच्या स्वागताच्या बोनसात असते, रोजच्या भाजीपाल्यात नव्हे. तीन महिन्यांत चारेक हजार खर्च करा, मग अमुक हजार पॉइंट. तेव्हा असं कार्ड घ्यायचंच असेल तर तिकिटं किंवा वर्षाचा विमा यांच्या आधी महिनाभर घ्यावं. बोनस मिळावा म्हणून नसता सोफा घेऊ नये.

भारी फीची कार्डंही पुष्कळ जण बाळगतात. चेसच्या सफायर रिझर्व्हची फी २०१६ मध्ये ४५० होती, २०२५ मध्ये ७९५ झाली. अमेरिकन एक्स्प्रेस प्लॅटिनमची त्याच वर्षी ८९५ झाली. बदल्यात विमानतळावरची लाउंज आणि वर्षभर वापरायची निरनिराळी कुपनं मिळतात. वर्षातून एकदा भारतात जाणाऱ्याला लाउंजमधला उपमा किती डॉलरला पडतो, हे ज्याने त्याने काढावं. ज्याला कामासाठी दर पंधरवड्याला विमानात बसावं लागतं, त्याचं गणित वेगळं आहे आणि ते बहुधा बरोबर आहे.

मात्र एक गोष्ट सगळ्यांनी पाहावी. पुण्याला गेल्यावर लक्ष्मी रोडवर कुठलं कार्ड काढता? अनेक फुकटच्या कार्डांवर परदेशातल्या खरेदीला तीन टक्के आकार लागतो, डबल कॅश त्यातलंच. दोन मिळवून तीन द्यायचे. लाखाच्या साड्या घेतल्यात तर तीन हजार रुपये तिकडेच गेले. कॅपिटल वनच्या कार्डांवर हा आकार नसतो, आणि प्रवासासाठीच्या बहुतेक कार्डांवरही नसतो. आणि दुकानदाराने मशीन पुढे करून "डॉलरमध्ये घेऊ की रुपयांत?" असं अदबीने विचारलं, तर रुपयांत म्हणावं. डॉलरमध्ये म्हटलंत की रूपांतराचा दर मशीनवाला लावतो, आणि तो कधीच आपल्या बाजूचा नसतो.

टक्क्यांखेरीज कार्डांमध्ये जे असतं त्याकडे आपलं लक्ष जात नाही. कार्ड चोरीला गेलं तर कायद्याने तुमची जबाबदारी ५० डॉलरच्या वर जात नाही, आणि चुकीच्या बिलाला आव्हान देता येतं. डेबिट कार्डाला तसं नाही. दोन दिवसांत कळवलं नाहीत तर ५०० पर्यंत जाऊ शकते, साठ दिवस उलटले तर त्याहून पुढे. पुष्कळ कार्डांवर उपकरणाच्या हमीला एक वर्ष जास्त मिळतं. भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा विमाही मिळतो, पण दुसऱ्याला लागलं-सवरलं तर त्याचा नाही, हे लक्षात ठेवा. परताव्यावर आयकर द्यावा लागतो का, असं एका वाचकाने विचारलं आहे. खर्चावर मिळालेला परतावा ही सूट धरतात, उत्पन्न नव्हे. त्यामुळे नाही.

इतकं सगळं मांडून झाल्यावर आम्ही स्टेटमेंटं गोळा करायला लागलो, तेव्हा एका पानावर तीस डॉलरची लेट फी दिसली. मार्चमध्ये आईच्या आजारपणासाठी आमच्यातलं एक जण तातडीने भारतात गेलं होतं, आणि तीन कार्डांपैकी एकाचं बिल तसंच राहिलं. फी तीस, आणि व्याज चाळीस. सत्तर डॉलर. पंगतीची कमाई होती ७९. नऊ डॉलर उरले. एवढ्यात हल्ली एडिसनला मसाला डोसाही येत नाही. व्याजाची तर आणखी गंमत आहे. एकदा बिल पूर्ण फेडलं नाही की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. या देशात कार्डावरचा सरासरी व्याजदर २०२३ मध्ये वीस टक्क्यांच्या पुढे गेला. पाच हजारांची बाकी वर्षभर राहिली तर हजाराच्या वर व्याज, आणि आमचा अख्ख्या वर्षाचा परतावा सहाशे. ज्यांच्या कार्डावर बाकी आहे त्यांनी हा लेख इथेच मिटून आधी ती फेडावी. इतरांनी प्रत्येक कार्डाचं पूर्ण बिल आपोआप भरलं जाईल अशी सोय आजच करावी.

आता कोजागिरीच्या त्या चौथ्या गृहस्थांकडे येतो. "सगळं ही बघते." आपल्या बहुतेक घरांत हे उलट असतं, सगळं 'हे' बघतात. आमच्याकडेही तसंच निघालं. टेबलावरची तिन्ही कार्डं एकाच्याच नावाची होती. दुसरीच्या पर्समधल्या कार्डांवर तिचं नाव छापलेलं होतं, पण खातं तिचं नव्हतं. ती 'ऑथराइज्ड युजर'.

याचा अर्थ काय, ते आमच्या मंडळातल्या एका वहिनींमुळे कळलं. त्यांच्या परवानगीने, नाव न घालता सांगतो. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. तेराव्यानंतर मुलाने नियमाप्रमाणे बँकांना कळवलं. चार दिवसांनी वहिनी औषधं आणायला गेल्या, तर कार्ड चालेना. वीस वर्षं त्यांच्या पर्समध्ये असलेलं, त्यांचं नाव असलेलं कार्ड. बँकेचं म्हणणं रीतसर होतं: खातेदार गेला, खातं बंद, दुसऱ्या कोणी ते वापरायचं नाही. यजमानांनी हौसेने साठवलेले लाख-दीड लाख पॉइंट होते. एका ठिकाणी मृत्यूचा दाखला आणि तीन पत्रं पाठवल्यावर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी नियमच असा होता की ते खात्याबरोबर संपतात. मग वहिनींनी स्वतःच्या नावाने अर्ज केला. नामंजूर. पत्रात कारण: पुरेसा क्रेडिट इतिहास नाही. बत्तीस वर्षं या देशात राहून, दोन मुलं वाढवून, घराचं सगळं देणं फिटलेलं असताना.

"मी इतकी वर्षं सह्या केल्या, त्या कुणाच्या नावाने?" असं त्या आम्हाला म्हणाल्या. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून हे नीट वाचा. १९७४ पूर्वी इथल्या बँका लग्न झालेल्या बाईकडे सर्रास नवऱ्याची सही मागत. त्या वर्षीच्या कायद्याने ते बंद झालं. २००९ च्या कायद्यानंतर मात्र अर्जदाराचं स्वतःचं उत्पन्न बघायचा नियम आला आणि घरी राहणाऱ्या बायकांची पुन्हा अडचण झाली. २०१३ मध्ये ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाच्या सरकारी खात्याने तो बदलला. आता एकवीस वर्षांवरच्या अर्जदाराला, जे उत्पन्न प्रत्यक्षात आपल्या हाती येतं असं रास्तपणे म्हणता येईल, ते नवऱ्याचं किंवा बायकोचं असलं तरी अर्जात दाखवता येतं. जोडीच्या खात्यात पगार जमा होत असेल तर तो दाखवता येतो. एच-४ व्हिसावर आलेल्या, नोकरी नसलेल्या मुलींनाही हे लागू आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयकर खात्याच्या आयटिन क्रमांकावर अर्ज घेणाऱ्या बँका आहेत. तेही जमलं नाही तर अनामत ठेवून मिळणारं कार्ड घ्यावं. वहिनींनी तेच केलं. पाचशे डॉलर ठेवले, वर्षभर वेळेवर बिलं भरली, अनामत परत आली. क्रेडिट स्कोअरमधले सुमारे ३५ टक्के गुण वेळेवर भरण्याचे असतात आणि १५ टक्के खातं किती जुनं आहे याचे. हे दुसरे गुण विकत मिळत नाहीत, त्यामुळे फी नसलेलं एक साधं कार्ड दोघांपैकी ज्याच्या नावावर काहीच नाही त्याने आज काढून ठेवावं. आणि पॉइंट साठवणाऱ्यांनी ते कुठे आहेत आणि किती, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला लिहून द्यावं. नाहीतर दरवर्षी खर्च करून टाकावेत.

आमच्या पंगतीतून सहा टक्क्यांचं कार्ड उठलं. कॉस्टकोचं राहिलं, गॅस आणि हॉटेलपुरतं. सरसकट दोन टक्क्यांचं आता दुसरीच्या नावावर आहे. तिचा अर्ज पाच मिनिटांत मंजूर झाला, आणि त्या खात्यावर पहिला आहे तो ऑथराइज्ड युजर. त्याला अजून पासवर्ड माहीत नाही. तो लिहून द्यायचा आहे.

वाचकांना एक विनंती. आपापल्या गावच्या देशी दुकानातली खरेदी स्टेटमेंटवर कुठल्या सदरात येते ते पाहून संपादकांच्या पत्त्यावर कळवावं: दुकानाचं नाव, गाव, आणि सुपरमार्केट, किरकोळ की रेस्टॉरंट. यादी पुरेशी झाली तर संक्रांतीच्या अंकात छापू. भेंडी रेस्टॉरंट म्हणून आली असेल, तर तेही.